गळ, दोरी आणि आयझॅक वॉल्टन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

थोरामोठ्यांची चरित्रे वाचावीत, त्यांतून आपल्याला वळण लागते, असे शाळेत असल्यापासून आपण ऐकत आलो आहोत. आपण ज्यांची चरित्रे वाचली ते बहुतेक राजे, सेनापती, समाजसुधारक किंवा शास्त्रज्ञ होते. या अंकासाठी मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांनी गड जिंकला नाही की शोध लावला नाही. ते लंडन शहरात कापडाचे दुकान चालवीत आणि सवड मिळाली की नदीकाठी गळ टाकून बसत. त्यांचे नाव आयझॅक वॉल्टन. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांनी मासे धरण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. ते पुस्तक आजही छापले जाते आणि आजही वाचले जाते. या गृहस्थांची आणि माझी ओळख कशी झाली ते आधी सांगते, कारण त्यात माझ्या घरची एक गोष्ट गुंतलेली आहे.

आम्ही भोई. आमचे गाव तेरणेच्या काठी, माकणीच्या धरणाच्या पाण्यालगत. तिथून एस.टी.ने मी उमरग्याला महाविद्यालयात येते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आप्पा चौथी शिकलेले. मायला सही करायलासुद्धा वेळ लागतो. आप्पा जाळे टाकतात, गळ टाकतात आणि पाणी आटले म्हणजे दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. शाळेत असताना माझ्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून दोघी-तिघी माझ्याजवळ बसत नसत. ते माझ्या मनाला इतके लागले की पुढे प्रत्येक अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी शेती असे लिहू लागले. वास्तविक आम्हाला एक गुंठाही जमीन नाही. महाविद्यालयाच्या अर्जातही मी तेच लिहिले.

यंदा इंग्रजी साहित्याच्या इतिहासात सतराव्या शतकातील गद्यलेखक आम्हाला अभ्यासाला होते. त्या यादीत वॉल्टन यांचे नाव एका ओळीत येऊन जाते आणि त्यापुढे द कम्प्लीट अँग्लर हे पुस्तकाचे नाव आणि १६५३ हे साल. परीक्षेपुरते तेवढे पुरे होते. परंतु अँग्लर म्हणजे काय हे मला कळेना, म्हणून मी शब्दकोश उघडला. गळाने मासे धरणारा, असा अर्थ निघाला. मी ती ओळ पुन्हा वाचली. मिल्टन, बेकन अशा नावांच्या रांगेत माझ्या आप्पांचा धंदा बसला होता! दिवाळीच्या सुट्टीत मी ते पुस्तक मोबाईलवर उतरवून घेतले आणि शब्दकोश मांडीवर ठेवून महिनाभर वाचले. सगळे समजले असे म्हणणार नाही, पण दोरीविषयीचा भाग मात्र एकदम समजला.

वॉल्टन यांचा जन्म १५९३ साली इंग्लंडमधील स्टॅफर्ड या गावी झाला. त्यांचे वडील दारूची खाणावळ चालवीत. आयझॅक तीन-चार वर्षांचे असतानाच वडील वारले आणि आईने दुसरे लग्न केले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पोरवयात ते लंडनला आले आणि बहिणीच्या नवऱ्याकडे कापडाच्या धंद्यात उमेदवारी करू लागले. १६१८ साली त्यांना व्यापाऱ्यांच्या एका संघात रीतसर प्रवेश मिळाला. तो संघ लोखंडाच्या व्यापाऱ्यांचा होता, पण वॉल्टन विकत होते कापड! पुढे फ्लीट स्ट्रीटवर, चॅन्सरी लेनच्या कोपऱ्याजवळ त्यांचे दुकान होते.

दुकानापासून जवळच सेंट डन्स्टन हे चर्च होते. १६२४ पासून तेथे प्रसिद्ध कवी जॉन डन हे धर्मोपदेशक होते. कापड मोजणारा हा दुकानदार त्यांच्या प्रवचनांना जाऊ लागला आणि त्यांचा स्नेही झाला. १६३१ मध्ये डन वारले. त्यांचे चरित्र एका मोठ्या विद्वान गृहस्थांनी लिहायचे ठरले होते आणि वॉल्टन त्यांना माहिती गोळा करून देत होते. ते गृहस्थही वारले, तेव्हा चरित्र वॉल्टन यांनीच लिहून काढले. ते १६४० साली डन यांच्या प्रवचनांच्या ग्रंथाबरोबर छापले गेले. अशा रीतीने ज्याने पदवी घेतली नाही असा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी लेखक झाला. पुढे त्यांनी आणखी चार जणांची चरित्रे लिहिली.

त्यांच्या संसाराची कथा मात्र ऐकवत नाही. १६२६ मध्ये रेचेल नावाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. तिला सात मुले झाली आणि ती सातही लहानपणीच गेली. १६४० मध्ये, म्हणजे पहिले पुस्तक छापले गेले त्याच वर्षी, रेचेलही गेली. आपल्याकडे तो काळ तुकोबारायांचा. त्यांचेही दुकान होते आणि त्यांनीही दुष्काळात बायको आणि मूल गमावले होते. दोन माणसे, दोन देश आणि दोन वेगळे धर्म. त्यांची तुलना मी करीत नाही. पण दु:ख पचवून शांत झालेल्या माणसाचे लिहिणे कसे असते, ते दोन्हीकडे दिसते एवढेच मला म्हणायचे आहे. वॉल्टन यांनी पुढे ॲन केन यांच्याशी दुसरे लग्न केले. एक मुलगी आणि एक मुलगा अशी त्यांची दोन मुले जगली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी माजली. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजाच्या पक्षाचे होते. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्राचा पराभव झाला, तेव्हा त्याचे एक रत्नजडित पदक लपवून ठेवण्यात आले होते. ते लंडनपर्यंत सुखरूप पोहोचविण्याचे धोक्याचे काम या साठीच्या घरात आलेल्या दुकानदाराने पार पाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५३ साली, त्यांनी आपले मासे धरण्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची किंमत दीड शिलिंग होती. देशात माणसे एकमेकांचे गळे कापीत असताना या माणसाने नदी, पाऊस, गवत आणि मासे यांच्यावर लिहिले. हे पळपुटेपण नव्हते असे मला वाटते. माणसांनी पुन्हा एकत्र बसावे, असे काहीतरी ते दाखवीत होते.

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एक गळवाला लंडनहून ली नदीच्या काठाने निघतो. वाटेत त्याला एक शिकारी भेटतो आणि त्याचा शिष्य होतो. गुरू त्याला एकेका माशाचा स्वभाव, त्याचे आमिष आणि त्याची वेळ सांगत जातो. शेवटी तो काठी आणि दोरी कशी करावी ते शिकवितो. मला जे समजले ते येथे.

आता वाचकांना थोडी माहिती द्यायला हवी. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात. थंड आणि उथळ वाहत्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो, तो पाण्यावर पडणारे किडे खातो. त्याच्यासाठी गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी करतात. ही माशी पिसासारखी हलकी असते. ती दूर टाकायची आणि पाण्यावर अलगद उतरवायची. गळाजवळची दोरी जाड असली की माशी धपकन पडते आणि मासा दोरी पाहून पळतो. दोरी फार बारीक असली की मासा ती तोडून नेतो. म्हणून काठीकडची दोरी जाड आणि गळाकडचा शेवटचा पदर अगदी बारीक ठेवतात. या शेवटच्या पदराची निवड हेच या कलेतील मर्म आहे.

वॉल्टन यांच्या काळी नायलॉन नव्हते. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. केस हात-दीड हात लांब, म्हणून दोन-तीन केस एकत्र पिळून तुकडे करायचे आणि तुकडे गाठींनी जोडायचे. केस कसा निवडावा याबद्दल वॉल्टन यांनी बारकाईने लिहिले आहे. केस गोल असावा, काचेसारखा स्वच्छ असावा आणि त्यावर खरवड किंवा चरा नसावा. असा एक नीट निवडलेला केस तीन वाईट केसांइतका बळकट असतो. काळा केस बहुधा गोल निघतो, पांढरे पुष्कळसे चपटे निघतात. म्हणून चांगल्या पांढऱ्या केसांची बट हाती लागली तर ती जपून ठेवावी.

त्यापुढची गोष्ट मला फार आवडली. पिळण्याआधी केस धुवावेत आणि सारख्या जाडीचे निवडावेत. सारख्या जाडीचे केस एकदम ताणले जातात आणि तुटले तर एकदम तुटतात. कमीजास्त जाडीचे केस मात्र एकेक करून तुटतात आणि भरवसा ठेवणाऱ्याला फसवतात. पिळलेला तुकडा पाव तास पाण्यात ठेवून पुन्हा पिळावा, कारण एखादा केस आखडतो आणि मग सगळा भार त्या एकट्यावर पडतो. मग शेवटी रंग : कडक बियर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी एकत्र उकळून त्यात केस भिजवायचे, म्हणजे ते पाण्याच्या रंगात मिसळतात.

गळाजवळ किती केस असावेत? वॉल्टन म्हणतात, तीन-चारांपेक्षा जास्त नकोत, आणि ज्याला एका केसावर मासा धरण्याचे कसब साधेल त्याला सर्वांत जास्त मासे मिळतील.

परंतु त्यांच्या मोठेपणाची खरी खूण मला दुसरीकडेच सापडली. वॉल्टन मुळात आमिष लावून मासे धरणारे. खोट्या माशीचे ज्ञान त्यांनी टॉमस बार्कर नावाच्या दुसऱ्या जाणकाराकडून घेतले होते आणि तसे त्यांनी पुस्तकात उघड सांगितले. पुढे चार्ल्स कॉटन हे कवी त्यांचे जिवलग मित्र झाले. कॉटन यांचा जन्म १६३० चा, म्हणजे आपल्या शिवछत्रपतींच्या जन्माच्या वर्षाचा. वॉल्टन यांच्याहून ते सदतीस वर्षांनी लहान. डव्ह नदीच्या काठी त्यांची इस्टेट होती. तेथे त्यांनी १६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, मासे धरणाऱ्यांसाठी एक लहानशी दगडी वास्तू बांधली आणि तिच्या दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ती वास्तू आजही उभी आहे. १६७६ साली वॉल्टन यांच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा निर्मळ पाण्यात खोट्या माशीने ट्राउट कसा धरावा हा भाग त्यांनी कॉटन यांना लिहू दिला आणि आपल्याच पुस्तकाला जोडला. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, पुस्तक गाजलेले, आणि तरीही जे आपल्याला कमी येते ते मुलाच्या वयाच्या मित्राकडून लिहवून घ्यायचे! आपण दोन पुस्तके वाचली की सगळे आपल्याला येते असे मानू लागतो.

कॉटन यांनी दोरीचा हिशेबच मांडून दिला. गळाकडचे दोन तुकडे दोन-दोन केसांचे, त्यावरचे तीन तुकडे तीन-तीन केसांचे, त्यावरचे तीन चार-चार केसांचे, असे वाढवत काठीच्या टोकाशी सात केसांपर्यंत जायचे. म्हणजे हातापासून गळापर्यंत सगळे सारखे निमुळते होत जाते. नदीत झुडपे आणि शेवाळ नसेल तर दोन केसांवर वीस इंची ट्राउट काढता आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे केसांची जागा रेशमाच्या किड्याच्या आतड्यासारख्या ग्रंथींपासून ओढलेल्या तंतूने घेतली. स्पेनमधील मुर्सिया भागात त्याचा मोठा धंदा होता. तो तंतू भोकांच्या पट्टीतून ओढून बारीक करीत. जितके जास्त वेळा ओढायचे तितका आकडा वाढायचा, आणि आजही दोरीचा आकडा वाढला की जाडी कमी होते ती त्यामुळेच. हिशेब सोपा आहे : अकरातून तो आकडा वजा केला की इंचाचे तितके हजारावे भाग जाडी निघते. चार नंबरची दोरी म्हणजे इंचाचे सात हजारावे भाग. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढे या रेशमी तंतूचे राज्य संपले. आपल्या बाजारात तंगूस म्हणून मिळतो तो हाच नायलॉनचा एकपदरी धागा.

वॉल्टन यांचे शेवटचे दिवस विंचेस्टर येथे मुलीच्या आणि जावयाच्या घरी गेले. १५ डिसेंबर १६८३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते वारले. विंचेस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. त्यांनी आपले मृत्युपत्र स्वत:च्या हाताने लिहिले होते. स्टॅफर्डजवळ त्यांची थोडी शेती आणि एक घर होते, त्याचे उत्पन्न त्यांनी गावाला दिले. त्यातून दरवर्षी गरीब पण सचोटीच्या आईबापांच्या दोन मुलांना धंदा शिकायला पाठवायचे, आणि उरलेल्या पैशांतून जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी गोरगरिबांना कोळसा वाटायचा. थंडी सर्वांत कडक तेव्हाच असते, हे त्यांना ठाऊक होते. पोरका मुलगा म्हणून उमेदवारी केलेला माणूस आपले दिवस विसरला नव्हता. ते घर आज त्यांचे स्मारक म्हणून जतन केलेले आहे.

सुट्टीत एका संध्याकाळी मी हे सगळे आप्पांना सांगितले. ते अंगणात गळ बांधीत बसले होते. आधी ते हसले. इंग्रजांच्या कॉलेजात गळाचे पुस्तक असते, यावर त्यांचा विश्वास बसेना. पण केस पाव तास भिजवून पुन्हा पिळायची गोष्ट निघाली, तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. मग ते म्हणाले की तंगूसाचीही गाठ आवळण्याआधी ओली करावी लागते; कोरडी आवळली की धागा चटका बसल्यासारखा होतो आणि मासा तिथेच तोडतो. मी लहानपणापासून त्यांना गाठ तोंडात धरताना पाहिले होते. त्याचे कारण मी कधी विचारले नव्हते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना विचारीत बसले. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले रीळ ते कधी घेत नाहीत, कारण उन्हाने तंगूस कुजतो. घेताना दोन हात धागा ओठांवरून ओढून पाहतात. खरखर लागली की परत करतात. पावसाळ्यात पाणी गढूळ, तेव्हा जाड चालतो. दिवाळीनंतर पाणी निवळते, तेव्हा बारीक घ्यावा लागतो. मरळ पाणवनस्पतींत घुसते, तिला मात्र केव्हाही जाडच. कॉटन यांनी घातलेली झुडपांची अट हीच नव्हे काय? चौथी शिकलेल्या माझ्या आप्पांना ती पाठ होती, फक्त कोणी त्यांच्याकडून लिहून घेतली नव्हती.

पुढच्या आठवड्यात गावात एक वरात आली. आप्पांनी घोडीवाल्याला विचारून शेपटीचे थोडे केस आणले. घोडी पांढरी होती. उजेडात धरून पाहिले तर निम्म्याहून अधिक केस चपटे निघाले! आप्पांनी ते बाजूला काढले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. उरलेल्यांतून तीन केस आम्ही पिळले आणि तांब्यात बुडवले. बाहेर काढले तेव्हा एक केस ताठ आणि दोन सैल झालेले होते. मुद्दाम तसाच ओढून पाहिला, तर ताठ केस आधी तुटला. नंतर नीट पिळलेल्या दुसऱ्या तुकड्याला लहान गळ बांधून आम्ही पाण्यावर गेलो. एक बोटभर मासा लागला. आप्पांनी तो हलकेच सोडून दिला. म्हातारा खरोखर पाण्यावर बसलेला होता, एवढेच ते वॉल्टन यांच्याविषयी बोलले. आप्पांकडून याहून मोठी शाबासकी मी कोणासाठी ऐकलेली नाही.

आमच्याच जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका मडकी घडवीत संत झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. हातातले काम हलके नसते हे आपल्या मातीला नवे नाही. तरीही मला ते कळायला परक्या देशातील एका कापड दुकानदाराचे पुस्तक वाचावे लागले, याची थोडी खंत वाटते. पण कळले हे महत्त्वाचे.

शिष्यवृत्तीचा नवा अर्ज आला, तेव्हा वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी मासेमारी असे लिहिले. अक्षर जरा मोठेच आले. मराठी लिहिता-वाचता येणारी आमच्या घरातील मी पहिली पदवीधर होईन, तेव्हा आप्पांना ठाऊक असलेले सगळे एका वहीत उतरवून काढायचे मी ठरविले आहे. पहिली दहा पाने लिहून झाली आहेत.

आयझॅक वॉल्टन यांच्या स्मृतीस एका गळवाल्याच्या मुलीचे विनम्र अभिवादन.